आत्याचा विहार आणि माझी समुपदेशनाची खोली

आत्या गेली तेव्हा मी शहापूरच्या शाळेत, समुपदेशनाच्या खोलीत, नववीतल्या एका मुलीशी बोलत होते. मुलं बोलत असताना माझा फोन बंद असतो. ती वर्गात गेल्यावर चालू केला, तर भावाचे एकामागून एक कॉल येऊन गेलेले... सकाळी डबा भरून देणारी आत्या दुपारी अंगणात बसल्या जागी गेली होती. आता काही आठवडे झालेत. तिच्याबद्दल लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं. पण आठवायला लागलं की मला उत्साहच येतो. बाईच तशी होती!

गौतमी आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर ती सापगावच्या बुद्धविहारात रविवारची वंदना घेऊ लागली. वंदना संपली तरी माणसं उठायची नाहीत. कुणाचा मुलगा कामाला जात नसे, कुणाच्या घरात अबोला असे. एकेक जण तिच्याजवळ सरकायचा. मी धसईची. समुपदेशनाचा कोर्स करून या शाळेत लागले आणि तिच्याकडे राहायला आले. मग काय, रोज जेवताना आमची जुंपायची. माझी खोली दार लावलेली, वेळ ठरलेली. मुलाला उत्तर द्यायचं नाही, ते त्याचं त्यालाच सापडू द्यायचं. तिच्याकडे दार सताड उघडं, आणि बोलणाऱ्याच्या आजोबांपासून सगळं तिला ठाऊक. ती सरळ सांगून टाकायची, "उद्या जा आणि भावाशी बोल." मी म्हणायचे, हे समुपदेशन नव्हे. ती म्हणायची, मग तू पोरांना नुसती बघत बसतेस का? ऐकलेलं पोटात ठेवणं मात्र दोघींचं सारखंच होतं.

त्यावरूनच एकदा आमची खरी परीक्षा झाली. ती शाळेतल्या एका मुलीमुळे, आणि हे मी तिला विचारूनच लिहितेय. नाव मात्र बदलून, दीक्षा म्हणते. दहावीतली, सापगावचीच. आई तापाने गेली आणि ही बोलेनाशी झाली. माझ्या खोलीत बरेच दिवस नुसती बसायची. शेवटी एकदा बोलली. आई गेली त्या दिवशी तिने घरी थांब म्हटलं होतं, पण ही कबड्डीच्या सामन्याला मुरबाडला गेली. तेव्हापासून बाबा तिच्याकडे बघत नव्हते, म्हणजे ते तिलाच दोष देत असणार, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्याच आठवड्यात तिचे वडील, महेंद्रदादा, विहारात आत्याजवळ बसून रडले होते. साधा ताप समजून ते कंपनीत पाळीवर गेले, म्हणून मुलीने अबोला धरलाय, असं त्यांना वाटत होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही दोघी एकाच ताटाशी बसून, अर्धी अर्धी गोष्ट पोटात ठेवून, गप्प जेवत होतो.

मी दीक्षाला विचारलं, बाबांना शाळेत बोलावू का? गौतमी आत्या सोबत आली तर चालेल, असं ती म्हणाली. तिकडे महेंद्रदादांनी आत्याला, तुम्हीच पोरीशी बोला, अशी गळ घातली होती. आत्याने त्यांना सांगितलं होतं, बोलायचं तुझं तू, मी सोबत येईन.

अशी आम्ही चौघं माझ्या छोट्या खोलीत बसलो. आत्याला राहवेना, ती तोंड उघडणार तोच मी तिचा हात दाबला. थांब... आणि ती थांबली! मग खाली बघतच दीक्षा म्हणाली, "बाबा, मी गेले नसते तर आई वाचली असती ना?"

महेंद्रदादा तिच्याकडे बघतच राहिले. "अगो, मी रोज हेच माझ्याबद्दल इचारतोय. तुझ्यावर मी कशाला रागवू? मला वाटलं, तूच मला माफ करणार नाय."

माझं शिक्षण सांगत होतं की जागेवरून हलायचं नाही. आत्या उठली, दोघांची डोकी आपल्या पोटाशी धरली आणि त्यांना मनसोक्त रडू दिलं. त्या वेळी तेच हवं होतं, आणि मला ते सुचलं नसतं. तिला थांबणं सुचलं नसतं, हेही खरं. स्कूटीवर मागे बसून ती घरापर्यंत माझ्या कानात ओरडत होती, "दोघींचं जमलं गो!" त्यानंतर ती मला गप्प बसायचं कसं ते विचारू लागली, आणि मी रविवारी विहारात जाऊ लागले. दीक्षा पुन्हा कबड्डी खेळू लागली. महेंद्रदादा मैदानाच्या कडेला इतके ओरडायचे की पंचांनी त्यांना लांब बसवलं.

आत्या गेल्यानंतरच्या रविवारी वंदना दीक्षाने घेतली. ती संपली आणि कुणीच उठलं नाही. चटईवर सगळे तसेच बसून. मग शेजारच्या आळीतल्या एक मावशी माझ्याजवळ सरकल्या. सुनेचं काहीतरी सांगायचं होतं. कुठून सुरुवात करावी, त्यांना समजेना. समोर आलेल्या माणसाला आत्या सगळ्यात आधी काय विचारायची, ते मला एकदम आठवलं. मी तेच विचारलं.

"मावशी, जेवलात का?"

मावशी हसल्या, आणि बोलायला लागल्या.