हर्नियाची जाळी आणि आमचे नमुने

कराडला मी सर्जन. माझ्या टेबलाच्या खणात एक डबा आहे, त्यात हर्नियाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या जाळ्यांचे तुकडे. पेशंटला हातात घेऊन बघता यावेत म्हणून ठेवलेत. पण डबा उघडला की जाळी राहते बाजूला आणि किस्साच बाहेर येतो!

परवा पलूसचं एक जोडपं आलं. द्राक्षबागायतदार. मी नवऱ्याला समजावलं, "पोटाच्या भिंतीला भोक पडलंय. आतून जाळी लावू."

"बागंला लावतो तसली?"

"तशीच समजा."

बायकोनं काळजीनं विचारलं, "आवं डाक्टरीणबाई, मग हंगाम सरला की काढायची का?"

साताऱ्याच्या एका रिटायर्ड सुभेदारांना म्हटलं, "मोठी चिरफाड नाही, दुर्बिणीतून करू." ते खुर्चीत ताठ झाले. "मॅडम, दुर्बीण लांबच्या दुश्मनाला असती. ह्यो तर घरात घुसलाय!"

एकदा कंपनीचा माणूस नवी जाळी घेऊन आला. "इतकी सॉफ्ट आहे मॅडम, पेशंटला कळतसुद्धा नाही!" आमचे भूलतज्ज्ञ पाटीलसर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मी असताना कुठल्या पेशंटला काय कळलंय?"

पण शौकतचाचांची गोष्ट वेगळी. माधवनगरचे. उभी हयात मागावर कापड विणण्यात गेलेली. तीन वर्षं पट्टा बांधून हर्निया लपवला, ऑपरेशनला तयारच होईनात. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं मी स्पष्ट सांगितलं, तेव्हा म्हणाले, "आधी कापड दाखवा."

मी दोन तुकडे पुढे केले. एक जाड, घट्ट. दुसरा हलका, मोठ्या भोकांचा. चाचांनी दोन्ही खिडकीपाशी धरले, ताणले, नखानं कड उसवून बघितली. उसवेना.

"हे मागावरचं न्हाई. होजिअरीवाणी गुंफलंय." मग जाड तुकडा परत दिला. "ह्यो नको. घट्ट कापड आटतं."

मी बघतच राहिले. जाड जाळी आत जास्त आक्रसते, हे शिकायला मला कॉन्फरन्सला जावं लागलं होतं!

हलकी जाळी बसवली. ऑपरेशन छान झालं. आठ दिवसांनी चाचा दाखवायला आले. दुखत नव्हतं, पण तोंड उतरलेलं.

"काय झालं चाचा?"

"काय न्हाई बाई. जलमभर लोकांच्या अंगावरचं कापड विणलं. पयल्यांदा माझ्या मापाचं मिळालं, आन् ते कुणाला दाखवता येईना!"