नारळाची तारीख

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कासारवाडी स्टेशनबाहेर भाजी घेत होतो. फोन त्याच्या चाकणच्या कंपनीतल्या रमेशचा. "सर, दत्ताभाऊ गेले," एवढंच तो म्हणाला आणि मग त्याच्यामागे चालू असलेल्या प्रेस मशीनचा आवाज ऐकू येत राहिला. माणूस गेला म्हणून चाकणमध्ये शिफ्ट थांबत नाही, आणि त्यात रमेशचा काही दोष नाही. हातातली मेथीची जुडी मी परत ठेवली. भाजीवाली म्हणाली, "का हो, चांगली न्हाई का?" मी रिकामी पिशवी घेऊन वळलो.

दहाव्यानंतर दिघीच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. मधोमध दत्ताचा जुना ओळखपत्रावरचा फोटो आणि त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे त्याच्याहून मोठे फोटो. त्यातले निम्मे त्याला ओळखत नव्हते आणि उरलेल्यांना तो ओळख देत नव्हता. कंपनीच्या शोकसभेत एका साहेबांनी कागद वाचून दाखवला. दत्ताच्या छातीत कळ येताच व्यवस्थापनाने तातडीने ॲम्ब्युलन्स बोलावली, ती निघालीही, परंतु वाहतूक कोंडीपुढे सर्वांचाच नाइलाज झाला, असं त्यात होतं. हाच मजकूर साहेब घरी जाऊन दत्ताच्या आईंनाही सांगून आले होते. सभा संपल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर रमेशने चहाचा ग्लास हातात नुसता धरून ठेवला. "कसली ॲम्ब्युलन्स राव! फोनच लागंना. लागला तर म्हणे गाडी शिल्लक नाही. शेवटी आम्हीच उचलून माल पोचवायच्या टेम्पोत घातलं. मोशीच्या अलीकडंच संपलं सगळं." मग ग्लास तसाच खाली ठेवत तो म्हणाला, "साहेबांनी छान लिहिलं होतं, नाही का?"

हे ऐकून दत्ता काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. त्याने तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर विचारला असता.

दत्ता दिघीतल्या जुन्या घरातला. भोवतीची जमीन काही लष्कराकडे, काही बिल्डरकडे गेलेली. उरलं ते चार खोल्यांचं घर, आई आणि तो. लग्न केलं नाही. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आयुष्य काढलं, निवृत्त झाल्यावर त्याच खुर्चीवर कंत्राटी म्हणून परत बसला. मी तेव्हा एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तो आमच्याकडे विमानविद्येची जुनी मासिकं शोधत आला आणि मासिकं धूळ खात पडलेली पाहून मला रागावला. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

त्याचा छंद समजावून सांगायला जरा कठीण आहे. कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर चालवण्याचा एक खेळ असतो. खेळणारी मंडळी त्याला खेळ म्हटलं की दुखावतात. त्यात जुन्या मोहिमा जशाच्या तशा रचतात. अमका डोंगर, तमकं ठाणं, अडकलेली माणसं, ती उचलून आणायची. त्या मोहिमांना ते मिशन म्हणतात. दत्ता अशी मिशन रचायचा आणि जगभरातली कधी न भेटलेली माणसं ती उडवायची. त्याचा नियम एकच. जे हेलिकॉप्टर ज्या तळावर ज्या दिवशी खरोखर कामाला लागलं, त्याच्या आदल्या दिवशीही ते आपल्या मिशनमध्ये दिसता कामा नये. परदेशातला एकजण गयावया करत होता, की बाबा रे, महिन्याभराचाच फरक आहे, ठेव की, मिशन त्याशिवाय जिंकताच येत नाही. दत्ताने उत्तर धाडलं, "मग हरा."

आता ही तारीख शोधायची कुठे? पलटणींच्या स्मरणिका तो माझ्या टेबलावर आणून टाकायचा. जाड गुळगुळीत कागद, पानोपानी गौरवशाली परंपरा. सत्काराला कोण कोण होतं ते सगळं असे, हेलिकॉप्टर केव्हा आलं ते नसे. एका फोटोत हेलिकॉप्टर होतं, पण त्याच्या शेपटीवरचा नंबर नेमका प्रमुख पाहुण्यांच्या फेट्यामागे. दत्ता भिंग घेऊन तो फेटा कितीतरी वेळ बघत बसला होता, जणू पाहुणे कंटाळून बाजूला होतील. त्यावर त्याचं एक मत होतं आणि ते त्याला कंपनीने शिकवलं होतं. "सर, आमच्याकडे नवीन मशीन आलं की वरचे साहेब येतात, हार घालतात, नारळ फोडतात, फोटो निघतो. मग सहा महिने ते मशीन ताडपत्रीखाली झोपतं, कारण वायरिंगच नसतं. रेकॉर्डला काय लागतं? नारळाची तारीख. मला नारळाची नको. पहिला माणूस उचलला त्या दिवसाची पाहिजे." त्यासाठी तो दिघीतल्या निवृत्त फौजींच्या ओट्यांवर बसायचा आणि त्यांना हेलिकॉप्टरबद्दल कधीच थेट विचारायचा नाही. विचारायचा, तुमच्याकडे टपाल कशावरून यायचं? आजारी माणूस खाली कसा न्यायचे? माणूस पराक्रम वाढवून सांगतो, पण टपाल कसं यायचं याबद्दल खोटं बोलायला त्याला कारण नसतं, असं तो म्हणे. एवढ्या वर्षांच्या ग्रंथपालकीत मला संशोधनाची याहून चांगली पद्धत कुणी सांगितली नाही.

अशाच एका ओट्यावर त्याला नको ते सापडलं. दत्ताचे वडील फौजेत होते. हिमालयातल्या एका उंच ठाण्यावर छातीत पाणी होऊन गेले, तेव्हा दत्ता पाळण्यात होता. त्यांची ट्रंक घेऊन आलेल्या सोबत्याने आईंना सांगितलं होतं, की वहिनी, त्यांना न्यायला हेलिकॉप्टर तीनदा आलं, पण धुकं असं की तिन्ही वेळा खालूनच फिरलं. आईंनी पुढचं सगळं आयुष्य या तीन फेऱ्यांवर काढलं. कुणी हळहळलं की त्या म्हणत, "सरकारनं सोडलं न्हवतं त्यास्नी. तीनदा आलं हुतं." दत्ताला त्याच भागाचं मिशन रचायचं होतं. शेजारच्या गल्लीतल्या वृद्ध सुभेदारांना त्याने नेहमीसारखं टपालाचं विचारलं. सुभेदार हसले. "टपाल? त्या साली? भावा, खेचरावरून यायचं. आजारी माणूसबी खेचरावरूनच खाली. हेलिकॉप्टर पुढच्या उन्हाळ्यात आलं. आम्ही भांडी वाजवली हुती त्या दिवशी."

दत्ता उठून आला आणि त्याने वर्षभर हे खोटं ठरवण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या फौजीला विचारलं, तिसऱ्याला विचारलं, स्मरणिका पुन्हा चाळल्या. वडील गेले तेव्हा त्या तळावर हेलिकॉप्टर नव्हतंच. लायब्ररीत येऊन त्याने मला हे सांगितलं ते एखादा नापास झालेला सुटा भाग दाखवावा तसं, कोरडेपणाने. मी विचारलं, "आईंना सांगणार?"

"काय सांगू? की कुणी निघालंच नव्हतं?"

त्यानंतर हा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही… जगासाठी तो जी यादी टाकायचा तीत त्या ठाण्याचं मिशन आलं नाही, एवढं मात्र मी पाहत होतो.

तो गेल्यानंतर एका रविवारी मी घरी गेलो. आई पलंगावर बसल्या होत्या. शेजारच्या घरातली चुलत नातसून त्यांचं बघते. ती चहा ठेवून गेली. दत्ताच्या खोलीत टेबल तसंच होतं, कॉम्प्युटरवर आईंचं जुनं लुगडं पांघरलेलं, उडवायची दांडी टेबलाला क्लँपने आवळलेली. आई मागून काठी टेकत आल्या आणि त्यांच्या ठरलेल्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची त्यांची ठरलेली आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

"मास्तर, तुमाला ते लावता येतंय का? दत्ता दर रविवारी लावायचा. ह्यांचं हेलिकॉप्टर."

मला काही समजेना. मी लुगडं काढलं, कॉम्प्युटर सुरू केला. दत्ताच्या प्रत्येक मिशनच्या नावात तारीख असे, दिवसासकट. यादीच्या तळाशी एकच असं होतं ज्याला तारीख नव्हती. नाव फक्त 'आई'. ते लावलं. डोंगर, दगडांची भिंत, पत्र्याचं छप्पर, आणि सगळ्यावर पांढरं धुकं. बऱ्याच वेळाने खालच्या दरीतून पंख्याचा आवाज आला. ठिपक्याएवढं हेलिकॉप्टर वर चढलं, धुक्याच्या कडेला थांबलं, डोलत राहिलं…

"आता फिरंल बघा," आई म्हणाल्या.

ते फिरलं. मग पुन्हा आलं. तिन्ही वेळा आई हात जोडून बसल्या होत्या. तिसऱ्यांदा ते दरीत दिसेनासं झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "आमचा दत्ता लई कडक, मास्तर. तारीख चुकली तर पंखाबी हलू द्यायचा न्हाई. तुमीच सांगायचा न्हवं? त्यानं दावलं, म्हंजी आलंच असनार."

हो, मीच सांगायचो. त्या माणसाच्या काटेकोरपणाचं कौतुक मी आईंपुढे कितीदा केलं होतं. त्या काटेकोरपणाचा असाही उपयोग होऊ शकतो, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मी कॉम्प्युटर बंद करायला वाकलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "आन् त्याची ती ॲम्ब्युलन? सायेब म्हनले निघाली हुती. खरंच निघाली हुती का वो?"

मला टपरीवरचा रमेश आठवला. टेम्पो आठवला. साहेबांचा तो कागद, ज्याची मी त्या दिवशी टपरीपासून बसस्टॉपपर्यंत टिंगल करत आलो होतो, तोही आठवला.

"निघाली होती, आई," मी म्हणालो. "मोशीपर्यंत आली होती. मी स्वतः चौकशी केली."

त्यांनी मान हलवली. "व्हय. तितं गर्दी लई."

या लेखातली नावं मी बदलली आहेत. दिघीत ज्यांना तरीही ओळख पटेल त्यांनी आईंना हे वाचून दाखवू नये. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, तेवढाच आधार आहे. चौकातला फ्लेक्स आता उतरला, त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला आहे. मी दर रविवारी जातो. लुगडं काढतो, शेवटचं मिशन लावतो आणि दत्ताच्या खुर्चीवर न बसता बाजूला उभा राहतो. हेलिकॉप्टर दरीतून वर येतं. आई पुढे वाकून पडद्याकडे बघतात आणि दर वेळी म्हणतात, "आज धुकं जरा कमी वाटतंय, न्हाई?"

मी हो म्हणतो. धुकं तेवढंच असतं. ते दत्ताने घातलेलं आहे, ते हलणार नाही.