तिकीटबाईची ट्रायल

सगळं गाव तिला तिकीटबाई म्हणायचं आणि तिने जन्मात एक तिकीट विकलेलं नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! बाई शिवणकाम करायची. पण दुकान होतं बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या तिकीटघरात, आणि गिऱ्हाईक खिडकीच्या त्याच अर्धगोल भोकातून कापड आत सरकवायचं. मग लोक काय म्हणणार?

ती खोली तिला मिळाली सासऱ्यांमुळे. सासरे त्या लाइनवर गार्ड होते. डोंगरातली लाइन, बोगदे, दरीवरचा पूल, सगळं होतं. नव्हते फक्त प्रवासी. गाडी बंद झाली. शेवटच्या स्टेशनमास्तरांनी किल्ली गार्डबाबांच्या हातात ठेवली, "लक्ष ठेवा हो," म्हणाले आणि गेले ते गेलेच. बाबांनी लक्ष ठेवलं. पुढे सून आली, तिने मशीन ठेवलं. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. म्हणजे घरात ही, बाबा आणि त्यांची ती एक गाडी, जी रोज संध्याकाळी चहाबरोबर यायची.

"बघ तू, सुरू होणार," बाबा म्हणायचे.

"व्हायचीच. बाबा, बिस्किट बुडालं."

तर एका उन्हाळ्यात ही चहातली गाडी पेपरात आली. पर्यटकांसाठी जुनी लाइन सुरू करायचा विचार आहे, मोठ्या काचांचे डबे, धबधब्यापाशी थांबा, वगैरे. बाबा दाढी करून बसले, जणू गाडी दुपारीच येणार. तिकीटबाईने मात्र मशीन थांबवलं.

"गाडी आली की तिकीटघर लागणार. मग माझं मशीन कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

"अगं, बाजारात तुरी. आधी येऊ तर दे."

"येऊ तर दे म्हणताना दात किती दिसतात बघा तुमचे!"

बाबांनी तोंड मिटलं. पण डोळे हसत होते, त्याला काय करणार!

आता गंमत ऐका. कोणती स्टेशनं बरी आहेत, कोणती पडली आहेत, याची चौकशी वरच्या ऑफिसातली एक इंजिनिअर मुलगी फोनवरून करत होती. आमच्या गावात तिचा फोन लागला स्टेशनसमोरच्या चहावाल्याला. हा माणूस म्हणजे एक विचारलं की तीन सांगणार.

"तिकीट खिडकी शिल्लक आहे का तिथे?"

"शिल्लक? अहो मॅडम, चालू आहे!"

"चालू? कुणी बसतं तिथे?"

"तिकीटबाई बसते की. शाळा उघडायच्या वेळी तर काय रांग असते! भांडणं होतात नंबरावरून."

खोटं एक अक्षर नाही बघा त्यात. पण तिकडे ऑफिसात काय झालं असेल! गाडी नसताना जिथे तिकिटाला रांग लागते, तिथे गाडी आल्यावर काय होईल? ऑफिसातल्या साहेबांनी वर सांगून टाकलं की सुरुवात याच स्टेशनापासून करायची.

आणि ते साहेब, त्या इंजिनिअरबाईंना घेऊन, नेमके आले शाळा उघडायच्या आठवड्यात. खिडकीपुढे बायकांची ही रांग! साहेब खूश. माणूस तसा सभ्य हो, ओळख न सांगता रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा तिकीटबाई मान खाली घालून काज करत होती.

"माप की ट्रायल?"

"ट्रायल," साहेब म्हणाले. "ट्रायलसाठीच आलोय."

"नाव काय?"

"नाव अजून ठरलं नाही."

"नाव नाही ठरलं? मग शाळेत कसं घातलंत?"

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, "ट्रायल पुढच्या महिन्यात घेऊ. आधी लांबी मोजावी लागेल."

"लांबी मी मोजते, तुम्ही फक्त घेऊन या. वाढतं अंग आहे का?"

"सुरुवातीला दोनच डबे. प्रतिसाद बघून वाढवू."

"डबे आम्ही नाही शिवत. दप्तर हवं तर देते शिवून."

मागच्या बायका फिसकन हसल्या. तिकीटबाईने वर पाहिलं. पुढे इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मागे हातात टेप घेतलेली मुलगी. तिची टेप कापड मोजायची नव्हती. तिकीटबाईच्या बोटात सुई गेली.

साहेब आत आले. भिंतीवर जुनं भाड्यांचं कोष्टक, त्यावर खिळ्याला लटकलेले शाळेचे निळे फ्रॉक, तिकिटांच्या कप्प्यांमध्ये रंगवारी बटणं. साहेबांचा चेहरा उसवलेल्या शिवणीसारखा झाला.

"बाई, ही खोली रेल्वेची आहे. पुढच्या महिन्याच्या आत रिकामी करावी लागेल."

तिने बाबांकडे पाहिलं. ते दारातच उभे होते, गार्डचा जुना कोट घालून. बोलतील आता, तिला वाटलं. गाडीबद्दल तासन्‌तास बोलणारा माणूस! पण बाबा फलाटाकडे बघत राहिले. साहेब विश्रामगृहावर निघून गेले तरी हूं की चूं नाही.

संध्याकाळी तिने चहा जरा आपटूनच ठेवला.

"एक शब्द बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"का?"

"तोंड उघडलं असतं ना, तर 'घ्या खोली' असंच निघालं असतं," बाबा म्हणाले. "म्हणून जीभ चावली. इतकी वर्षं वाट बघितली गं मी."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. तिने बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. फलाटावर मशीन टाकावं, तर पाऊस. घरात टाकावं, तर खाट बाहेर. आणि गावाबाहेरच्या तिच्या घरी माप द्यायला येणार कोण? स्टेशन बाजाराला लागून होतं, म्हणून तर रांग होती.

सकाळी ती विश्रामगृहावर गेली. एकटीच. साहेब पोहे खात होते, इंजिनिअरबाई नकाशा पसरून बसल्या होत्या.

"साहेब, गाडी रोज धावणार का?"

"नाही हो, फक्त रविवारी. सकाळी जाणार, संध्याकाळी परत."

"मग बाकीचे सहा दिवस खोलीत कोण बसणार? पारवे?"

साहेबांचा चमचा थांबला. "नियम असतो बाई."

"असेल. तिकिटं कोण विकणार?"

इथे साहेब खोकले. इंजिनिअरबाईच बोलल्या, जरा हळू आवाजात. "सर, आपण वर सांगितलंय की तिथे तिकिटाला माणूस आहे. म्हणून तर हे स्टेशन पहिलं घेतलं. आता नाही म्हटलं तर..."

"तर?" तिकीटबाईने विचारलं.

"तर सगळंच मागे पडेल. तीन वर्षं तरी."

तिकीटबाई उभी होती ती खुर्ची ओढून बसलीच. तीन वर्षं! म्हणजे गप्प घरी गेली तर खोली तिचीच. मशीन, खिडकी, रांग, सगळं जिथल्या तिथे. एक शब्द बोलायची गरज नव्हती. क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि मग दिसले बाबा, दारात, तो कोट घालून, जीभ चावून उभे. तीन वर्षं त्या माणसाकडे आहेत की नाहीत कुणाला ठाऊक.

"मला हिशेब येतो," ती म्हणाली. "रविवारी दुकान बंदच असतं माझं. मशीन भिंतीला सरकवते, फ्रॉक काढून ठेवते, तिकिटं मी विकते. सोमवारी खोली माझी. जमतंय का बघा. नसेल जमत तर सांगा, मी निघते."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी नकाशाकडे. "वर्षभरासाठी करून बघू," साहेब म्हणाले. "पण बाई, प्रवासी मिळाले नाहीत तर गाडीही जाईल आणि खोलीही. कुलूप लागेल."

झालं! ज्या गाडीच्या नावाने बोटं मोडली, तिचं पोट भरायची जबाबदारी आता हिच्याच गळ्यात.

गाडी आली. पहिल्या रविवारी सगळं गाव चढलं, बाबा तर खिडकीपाशी फुकट पास मागायला उभे. "रांगेत या," ती म्हणाली, आणि पूर्ण तिकीट फाडलं. दुसऱ्या रविवारी बरी गेली, तिसऱ्या रविवारी अर्धी रिकामी. काचा मोठ्या, दरी सुंदर, पण गावातल्यांनी किती वेळा बघायची, आणि बाहेरच्यांना अजून पत्ता नाही.

सोमवारी एक बाई खिडकीशी आली. "फ्रॉक झाला का गं?"

झाला होता. इस्त्रीसकट मागे लटकत होता.

"रविवारी न्या," तिकीटबाई म्हणाली.

"रविवारी? दुकान बंद असतं ना?"

"खिडकी उघडी असते. पोरीला घेऊन या. धबधबा बघून या दोघी, तोवर मी बटणं लावते. आणि तुमच्या नणंदेचे पाहुणे आलेत म्हणे शहरातून, त्यांनाही आणा."

"बटणं तर लागलेली दिसतायत!"

"सैल आहेत," तिकीटबाई म्हणाली आणि खिडकीतून हात बाहेर काढून पुढच्या बाईचं कापड घेतलं.