काम हीच पूजा, चपला बाहेर

सुनेच्या पायांवर मी पाइपाने पाणी मारत होते आणि पाण्याबरोबर तिची कातडी सुटून येत होती. ती ओरडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. कॉस्टिकचा, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याच्या पाण्याचा ड्रम आडवा पडून सांडला होता. तो हलवणारा बिहारचा गडी ड्रमखाली कमरेपर्यंत अडकला होता. पाइप एकच. मी त्याच्याकडे वळवला, तर तो तिथूनच ओरडला, "अम्मा, पहले बहू को! पानी बंद मत करना!"

आम्ही तिघंही अनवाणी होतो.

बोईसरच्या त्या कारखान्यात मी झाडू मारायची, सून पिशव्या भरायची. गेटजवळच्या फळ्यावर सुपरवायझर रोज एक सुविचार लिहायचा. मी चौथी शिकलेली, मला वाचता येतं. दसऱ्याला त्याने लिहिलं, 'काम हीच पूजा'. मशीनला झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. देवळात जाताना काढतो तशा सगळ्यांनी बूट-चपला दाराबाहेर काढल्या. पेढे वाटून झाल्यावर सुपरवायझर म्हणाला, "आता मुहूर्ताचा थोडा माल काढा," आणि ऑफिसात जाऊन बसला.

मी सुनेला म्हटलं, "चपला घाल गं."

"आत्ताच पूजलीय, आई. हार पन सुकला नाय. लोक काय बोलतील?" मग मीही घातल्या नाहीत.

बिहारचा गडी हसला. "अम्मा, आज भगवान खुद ड्यूटी पर है।"

नारळाचं पाणी लादीवर सांडलं होतं. त्यावरून त्याचा पाय सरकला आणि ड्रम त्याच्या अंगावर आला. सून धावली, ती थेट सांडलेल्या कॉस्टिकमध्ये.

माणसं आली, ड्रम उचलला, दोघांना पालघरच्या दवाखान्यात नेलं. सुनेचं काय होईल हे डॉक्टर सांगत नव्हते. बघायला येणारे मात्र भरपूर सांगत होते. एक नातेवाईक म्हणाली, "होतं ते चांगल्यासाठीच होतं." मी विचारलं, "कोणाच्या?" ती केळी ठेवून गेली. दुसरा म्हणाला, "कष्टाचं फळ मिळतंच, मावशी." मी चादर वर केली आणि म्हटलं, "हे बघ, मिळालं." मग तोही फार थांबला नाही.

सुविचार खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण ते लिहिणारा बहुतेक वेळा दुसऱ्या खोलीत असतो. घसरणाऱ्या लादीवर उभं राहून कोणी सुविचार लिहिलेला मी पाहिला नाही. माझ्या मोबाइलवर अजून रोज सकाळी येतात, फुलांच्या चित्रासकट. मी वाचते आणि पुसून टाकते.

सून जगली. टाचांवर भार देऊन चालते. मी आहे. बिहारचा गडी दवाखान्यातच वारला.