बसमध्ये एकच घड्याळ

वेलापी हादेबे शाळेची घंटा इतकी नेमकी वाजवायचा की समोरच्या दवाखान्यातल्या नर्सा तिच्यावर आपली घड्याळं लावायच्या. सकाळची घंटा नेमकी, शाळा सुटल्याची नेमकी. फक्त दहाच्या मधल्या सुट्टीचं काही खरं नसायचं. कधी ती दोन मिनिटं आधी व्हायची, कधी तीन मिनिटं उशिरा. एकदा हेडमास्तरांनी विचारलंच, "हादेबे, दहाच्या घंटेला होतं काय रे?"

"सर, दव पडून दोरी आखडते."

"आणि सकाळी सातला?"

"सातला नाही आखडत, सर."

खरं काय ते सगळ्या एडनडेल गावाला ठाऊक होतं, हेडमास्तरांनाही. फाटकाबाहेर माझोंडी कढई मांडून बसायची. तिच्या अमाग्विन्यांचा, म्हणजे तळलेल्या गोळ्यांचा, पहिला घाणा कढईतून वर आला की मधली सुट्टी व्हायची. घाणा लवकर निघाला की सुट्टी लवकर, आच कमी पडली की पोरं वर्गात पाढे म्हणत बसायची.

वेलापीची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, माझोंडीचा नवरा जाऊन सहा. त्याची थोरली बहीण खोंझापी तर दर रविवारी चर्चबाहेर त्याला गाठायची. "भुंगाने, त्या बाईच्या घरी काका-मामांना पाठवू का बोलणी करायला? का गोळे खाऊन खाऊनच मरणार आहेस?" भुंगाने हे त्यांच्या कुळाचं मानाचं नाव. बहीण मान देऊनच टोचायची.

"शर्यत होऊ दे," वेलापी म्हणायचा.

ही 'शर्यत' त्याला दर वर्षी पुरायची.

आता शर्यतीचं सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या या डोंगरातून खाली समुद्रापर्यंत दर वर्षी जूनमध्ये नव्वद किलोमीटरांची मोठी शर्यत होते. साधी माणसं पळतात, शिपाई, नर्सा, गोळे विकणाऱ्या बाया. दहा वेळा जो ती पुरी करतो त्याच्या छातीवरचा नंबर कायमचा त्याचा होतो. तो मेला तरी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. माझोंडीच्या नऊ झाल्या होत्या. तिचं घर दिराच्या नावावर, टपरीचा परवाना मुलाच्या नावावर, आणि नवऱ्याच्या थडग्यावर नवऱ्याच्या आईचं नाव तिच्या आधी. ती म्हणायची, "एक नंबर तरी असा हवा की कुणी येऊन म्हणू नये, उठ, हा माझा."

पण मोठ्या शर्यतीत उभं राहायचं तर त्याआधी बेचाळीस किलोमीटरांची मॅरेथॉन चार तास पन्नास मिनिटांच्या आत पळून दाखवावी लागते. वेळ मोजायची ती पिस्तूल उडाल्यापासून. तुम्ही गर्दीत मागे असा नाहीतर पुढे, पिस्तुलाला त्याचं काही नसतं. मागच्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता आणि मॅरेथॉन हुकली होती. आता फेब्रुवारीतली एकच उरली होती.

सप्टेंबरपासून वेलापीने तिला हाताशी घेतलं. तो नुसता पळणारा नव्हता, गावातल्या पळणाऱ्यांच्या क्लबाच्या बसचा ड्रायव्हर होता. या बसला चाकं नसतात. पुढे एकजण झेंडी धरून पळतो तो ड्रायव्हर, आणि मागे चिकटून पळतात तीस-चाळीस प्रवासी. तो पळेल तेव्हा पळायचं, तो चालेल तेव्हा चालायचं, तो गाईल त्याला ओ द्यायची. आणि बसचा एक कायदा होता: घड्याळ फक्त ड्रायव्हरचं. बाकीच्यांनी आपलं मनगट झाकावं. चाळीस जण चाळीस घड्याळं बघू लागले की बस फुटते.

मंगळवारी चढ, गुरुवारी दिव्याचे खांब, रविवारी लांबचं पळणं. आठ खांब पळायचं, दोन खांब चालायचं. सुरुवातीला माझोंडी तिसऱ्याच खांबाला सुसाट सुटायची.

"माझोंडी, मागे कढई पेटलीय का?"

"तुमच्या चालीने पळायचं तर माझा घाणा जळून कोळसा होईल, भुंगाने!"

"जळू दे. चौथी ओळ म्हणून दाखवा."

ही त्याची परीक्षा होती. तो चार ओळींचं गाणं म्हणायचा आणि मागून तिने चारही ओळींना ओ द्यायची. चौथ्या ओळीत दम तुटला तर चाल जास्त झाली. तिला हवी होती किलोमीटरला सहा मिनिटं एकोणपन्नास सेकंदांची चाल, सुरुवातीच्या गर्दीत वाया जाणारा वेळ धरून. डिसेंबर येईतो चाल तिच्या पायांत उतरली. किलोमीटरच्या दगडापाशी वेलापी घड्याळावर तळवा झाकून विचारायचा, "सांगा?"

"सहा पन्नास."

तळवा काढला की सहा एकोणपन्नास. तो नुसता हसायचा. मागची माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारायची. क्लबातली नर्स नोक्वाझी एकदा मोठ्याने म्हणाली, "बाबा, तळवा आमच्यासाठी पण झाका की कधीतरी!" त्या दिवशी अख्खी बस पुढचे दोन खांब हसत चालली आणि वेलापीचे कान तापले.

पळून आल्यावर दोघं टपरीच्या पायरीवर बसत आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे खात, एकाच भांड्यातून आंबवलेली मक्याची पेज पीत. बोलणं काय, तर फक्त पळण्याचं. बावन्न वर्षांची बाई आणि अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, दोघंही शहाणी, आणि एवढ्या महिन्यांत दोघांना सेकंदांखेरीज विषय सापडला नाही. खोंझापी म्हणायची, "यांच्यापेक्षा शाळेतली पोरं बरी, चिठ्ठ्या तरी लिहितात."

फेब्रुवारीतली ती पहाट उजाडत होती. मॅरेथॉनला हजारो माणसं, आणि आमची बस नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे. वेलापीच्या हातात झेंडी, मागे अडतीस प्रवासी. त्याचा अंगठा घड्याळाच्या बटणावर तयार होता.

माझोंडी त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. नऊ वेळा मोठी शर्यत पळालेली बाई, पण त्या दिवशी तिचे ओठ पांढरे पडले होते. पुढे मोजणी सुरू झाली तसा तिने हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं. घड्याळासकट. तो तिला शिकवताना झाकायचा तसंच, तळव्याने.

पिस्तूल उडालं.

वेलापीला बटण दाबायचं होतं. त्यासाठी तिचा हात दूर करायला हवा होता. त्याने तो केला नाही.

गर्दी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. दोघं तशीच चालत राहिली, चर्चला निघालेल्या नवरा-बायकोसारखी, आणि मागे अडतीस जण आपापली प्रार्थना पुटपुटत होते. सुरुवातीची रेघ आली तेव्हा तिने टोपी सारखी करायला हात काढला. रेघेवर वेलापीने बटण दाबलं आणि मनात म्हटलं, पिस्तूल होऊन दोन मिनिटं झाली, ती धरू. ज्याला सेकंदाचा फरक पायांनी कळायचा, त्याला ती दोनच मिनिटं वाटली.

बस छान चालली. आठ खांब पळायची, दोन चालायची. पाण्याच्या पिशव्या दातांनी फोडत, गात, वाटेतल्या आज्यांना सलाम करत. तिसाव्या किलोमीटरला नोक्वाझी पुढे आली.

"बाबा, वेळ किती झाला?"

"तीन सव्वीस."

"माझ्यात तीन अठ्ठावीस झालेत. मी पिस्तुलाला दाबलं होतं."

"बसमध्ये घड्याळं किती असतात, नोक्वाझी?"

"एकच. पण बाबा—"

"मग ते खिशात घाल."

माझोंडी शेजारूनच म्हणाली, "पोरी, भुंगानेचं घड्याळ कधी चुकलंय का? त्याच्या घंटेवर तुझा दवाखाना चालतो."

सगळे हसले. नोक्वाझीने घड्याळ खिशात घातलं.

वेलापीने मनात आकडे मांडले. हिशोब सोपा होता. बारा किलोमीटर उरले होते, दर किलोमीटरला आठ सेकंद कमवायचे. दोन खांबांऐवजी एकच खांब चालले असते तरी भागलं असतं. पण एकाएकी चाल वाढवायची म्हणजे कारण सांगावं लागणार. ड्रायव्हरने बटण उशिरा का दाबलं? अडतीस जणांपुढे काय सांगणार? आणि ती तर आत्ताच सगळ्यांसमोर म्हणाली होती, चुकलंय का कधी. त्याने स्वतःला समजावलं, पोरीचं घड्याळ स्वस्तातलं आहे. दोन चढांवर एकेक खांब तेवढा कमी चालला, चोरासारखा.

मैदानात शिरलं की समोर मोठं घड्याळ दिसतं. त्यावर चार तास एकोणपन्नास मिनिटं दहा सेकंद झाले होते आणि मैदानाची अर्धी फेरी बाकी होती. कुणीतरी मागून किंचाळलं. बस फुटली. तरणी पोरं जिवाच्या आकांताने सुटली. शेवटच्या रेघेवर वेळ संपल्याचं पिस्तूल घेऊन पंच उभा होता, धावणाऱ्यांकडे पाठ करून. तसाच रिवाज आहे, म्हणजे कुणाचं तोंड दिसून हात अडखळू नये.

माझोंडीने घड्याळ पाहिलं, मग वेलापीकडे पाहिलं. तिने चाल वाढवली नाही. शिकवली होती त्याच चालीने ती त्याच्या शेजारी पळत राहिली. पिस्तूल उडालं तेव्हा दोघं शंभरेक पावलं मागे होती. चार पोरं आत गेली, चौतीस माणसं बाहेर राहिली.

लोक गवतावर बसून रडत होते. वेलापी झेंडी खाली टाकून म्हणाला, "घड्याळ बिघडलं."

"बिघडणारच," माझोंडी म्हणाली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "यंत्रच ते. पुढच्या वर्षी पळू. नंबर कुठे पळून जातोय?"

नोक्वाझीने खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत खिशात घातलं.

मार्चमध्ये माझोंडीचं पोट दुखू लागलं. एप्रिलमध्ये ती कढईपाशी खुर्ची घेऊन बसू लागली. मे संपता संपता दवाखान्याची खाट, आणि डॉक्टरांनी तिच्या मुलाला व्हरांड्यात नेऊन जे सांगायचं ते सांगितलं.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी वेलापी तिच्या खाटेशी बसला होता. त्या जूनमध्ये तोही पळाला नाही. वॉर्डातल्या टीव्हीवर माणसं डोंगर उतरत होती. तिचा हात चादरीवर होता, काटकीसारखा.

"तो बघ, हिरव्या टोपीवाला," ती म्हणाली. "फार जोरात चाललाय. चौथी ओळ नाही म्हणता येणार त्याला."

"नाही येणार."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "वेलापी, नोक्वाझीचं घड्याळ बरोबर होतं ना?"

त्याने मान खाली घातली.

"माझा हात होता घड्याळावर. तू बटण दाबलं नव्हतंस. मला तेव्हा कळलं नाही. मैदानात शिरल्यावर कळलं."

"हो."

"किती वेळ होता?"

"तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी दोनच धरली."

"तीन मिनिटं चाळीस," ती म्हणाली. "अख्ख्या जन्मात माझ्या हाताला कुणी एवढा वेळ दिला नाही."

मग तिला राग आला. "आणि तिसाव्या किलोमीटरला का नाही बोललास, बैला? सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस, हिने माझा हात धरला होता म्हणून उशीर झाला, आता पळा. आपण पोचलो असतो. आणि लोकांनाही कळलं असतं."

"लोक हसले असते."

"हसू द्यायचे होते!" तिला खोकला आला. पाणी पिऊन ती उशीवर पडली. "मी काय नऊ महिने तुझ्याकडून चार ओळींचं गाणं ऐकायला येत होते?"

सप्टेंबर ते फेब्रुवारी म्हणजे सहाच महिने होतात. वेलापी हादेबेने आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेला आकडा दुरुस्त केला नाही. त्याने तिचा हात हातात घेतला. टीव्हीवरच्या पंचाने पाठ फिरवली, पिस्तूल उडालं, तरी सोडला नाही.

ऑगस्टात ती गेली. शनिवारी अंत्यविधीला सगळा क्लब शर्यतीचे बनियन घालून आला. ज्याला दोन शब्द बोलायचे त्याने बोलावे, असं पाद्र्याने म्हटल्यावर वेलापी उठला. सगळ्यांना वाटलं, तिच्या नऊ शर्यतींबद्दल बोलेल.

"घड्याळ बिघडलं नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. पिस्तूल उडालं तेव्हा माझोंडीने माझा हात धरला होता. मला तो सोडवायचा नव्हता. तुम्ही चौतीस जण त्यापायी राहिलात. ती पण."

कुणी हसलं नाही, आणि हसायला हवं होतं, कारण ती म्हणाली होती हसू द्या. खोंझापीने तोंडात शालीचं टोक कोंबलं. शेवटी नोक्वाझीने आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं. मग शेजारच्याने काढलं, मग त्याच्या शेजारच्याने.

आमच्याकडे पळणारा गेला की क्लब शववाहिनीच्या पुढे पळत कबरस्तानापर्यंत जातो. वेलापीने झेंडी धरली. आठ खांब पळायचं, दोन चालायचं, पण त्या दिवशी तो सगळे खांब चालला. मागून शववाहिनीचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून थकला. बसमधलं कुणी पुढे गेलं नाही.

शाळा चालू आहे. फाटकाबाहेर आता एक दुसरी बाई गोळे तळते, बरे असतात. मधल्या सुट्टीची घंटा बरोब्बर दहाला होते, सेकंदाचा फरक नाही. नवे हेडमास्तर आले आहेत, ते पालकांना कौतुकाने सांगतात, आमचा हादेबे म्हणजे अगदी घड्याळ.