वॅगनची आतली कडी

"ताई, तुम्ही खेळणी बनवता ना?" असं कुणी विचारलं की माझं डोकं सटकतं. खेळणी नाही हो! खेळण्यातला डबा कशासारखाही असला तरी चालतो. मी बनवते ती मालगाडीची एखादी ठरावीक वॅगन असते, एके काळी खरोखर रुळांवर धावलेली, बत्तीस पट लहान केलेली. खऱ्या दारावर जेवढे रिव्हेट, तेवढेच माझ्या दारावर. एक कमी नाही, एक जास्त नाही.

तळवड्याच्या एका प्रेस शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या पार्टची मापं काढायची आणि चुकलेले नापास करायचे, हे माझं काम. त्यात मी हुशार आहे, उगाच लाजून काय सांगू? मी लाइनवर आले की पोरं पार्ट लपवतात.

मालगाड्यांचं वेड वडिलांचं. तेही कंपनीतच होते. सुट्टी असली की मला सायकलच्या दांडीवर बसवून रुळांच्या कडेला न्यायचे. मी विचारायचे, ह्या डब्याचं दार सरकतं आणि त्याचं झडपांचं का? त्यांना कुठून माहीत असणार? पण कधी गप्प बस म्हणाले नाहीत. "शोधू की," म्हणायचे. ते गेले आणि शोधायचं काम माझ्याकडे आलं.

बरीच वर्षं मी चार चाकांच्या एका जुन्या बंद वॅगनच्या मागे होते. धान्य, साखर, सिमेंट, काय काय गेलं असेल हिच्यातून! आता रुळांवर दिसत नाही. माझ्याकडे अर्धवट ड्रॉइंग होतं आणि दोन धूसर फोटो. ऑनलाइन ग्रुपवरचे एक गृहस्थ मला ठणकावून सांगायचे की हिच्या टोकाच्या भिंतीला हवेचे झरोके नव्हतेच. मी म्हणायचे, होते. ते म्हणायचे, पुरावा द्या. पुरावा नव्हता, पण मी हटायला तयार नव्हते.

आणि ती सापडली कुठे, तर चऱ्होलीत. आम्ही नवराबायको फ्लॅट बघायला गेलो होतो. दिघीतलं आमचं घर आता पुरत नाही. सेल्सवाली मुलगी सॅम्पल फ्लॅटमधलं मॉड्युलर किचन उघडूनमिटून दाखवत होती आणि मी गॅलरीत उभी राहून खाली बघत होते. खाली पत्र्याच्या कुंपणाआत उरलेल्या शेताच्या तुकड्यात, शेवग्याच्या झाडाखाली, माझी वॅगन! चाकं नाहीत, दगडांवर टेकलेली, रंग निळा, पण तीच. मी ओरडलेच. नवरा म्हणाला, "काय, आवडला फ्लॅट?" मी जिना उतरून पळत सुटले होते.

कुंपणापाशी तिशीतला एक माणूस भेटला. जमीन त्यांचीच. टॉवरमध्ये त्यांना फ्लॅट मिळाले होते, तोही तिथे राहायला गेला होता. "ताई, मापं घ्यायची तर पटकन घ्या," तो म्हणाला. "बिल्डरला जागा मोकळी पाहिजे. गॅसकटरवाला कधीचा तयार आहे. पण आई हलत नाही ना! फ्लॅटमध्ये येते, जेवते, आणि परत इथं येऊन बसते. डब्याला हात लावू देत नाही."

आई वॅगनच्या दारात पाय खाली सोडून बसली होती. सत्तरीच्या आतबाहेरची, काटक, हातात हिरव्या बांगड्या आणि बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टी पिना. माझ्या हातातला टेप बघून म्हणाली, "तोडायला आलीस व्हय?"

"नाही मावशी. बनवायला."

तिला कळेना. मी मोबाइलवर माझ्या वॅगनी दाखवल्या. एकेक फोटो तिनं डोळ्याजवळ नेऊन पाहिला. मग शेवग्याकडं बघत म्हणाली, "मला माझा डबा आसाच बारका करून दे. मनासारका झाला का मी सोडते ह्याला. मंग ह्यांनी काय करायचं ते करू दे."

मुलगा इतका खूश झाला की त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. मीही लगेच हो म्हणाले. काय कबूल करून बसले ते चहा पिताना लक्षात आलं. माझं काम चांगलं झालं की ही वॅगन कापली जाणार होती.

पण आधी मापं. मावशी मागे मागे होतीच. टोकाच्या भिंतीवर मी टॉर्च तिरका धरला आणि नाचायचीच बाकी राहिले. झरोके होते! वरून पत्रा ठोकून बंद केलेले, पण पत्र्याची कड आणि वेगळ्या मापाचे रिव्हेट लख्ख दिसत होते. तिथल्या तिथं फोटो काढून त्या गृहस्थांना पाठवला. अजून उत्तर नाही.

मूळ रंग शोधायची आमची एक रीत आहे. भिंतीवर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं हळूहळू घासायची. एकेक थर उघडा पडतो, आणि गोलात गोल दिसायला लागतात. मला हवा होता सगळ्यात आतला, रेल्वेचा तांबूस. मावशी मात्र बाहेरून मोजत होती. "ह्यो निळा ह्या पोराच्या लग्नातला. ह्यो गुलाबी ह्याच्याच बारशाचा. त्यो हिरवा उरला व्हता, कुनाच्या तरी दुकानाचा." मी तांबूस रंगाची खपली नीट पिशवीत घातली.

"पण ही वॅगन इथं आणली कुणी?" मी विचारलं.

"मालकांनी. भंगारवाल्याकडनं. कांदा ठिवायला." ती हसायला लागली. "समदा कांदा सडला की गं! वारं न्हाई, काय न्हाई. मंग मालकांनी खिडकी पाडली. तरी सडला. आन् मंग भाऊ-भाऊ येगळं झालं, घर दिरांकडं गेलं, तवा आमीच ऱ्हायलो ह्याच्यात. कांदा टिकला न्हाई, पन आमी टिकलो."

खिडकी दाराशेजारीच होती, हातानं कापलेली, जरा वाकडी. दाराच्या आतल्या बाजूला एक कडी होती: एका झडपेवर खिळ्याभोवती फिरणारी लोखंडी पट्टी, दुसऱ्या झडपेवर हूक. मी दोन्हींची मापं घेतली आणि पुढे लिहिलं, "नंतरचं". नंतरचं म्हणजे मॉडेलमध्ये घ्यायचं नाही. वॅगन कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी करायची, हा माझा नियम, आणि नियम मोडणाऱ्यांना मी ग्रुपवर फार ऐकवलेलं आहे.

घरी बसून कामाला लागले. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापायचा, मागून बोथट सुईनं दाबून रिव्हेट उठवायचे, प्लॅस्टिकच्या शीटच्या भिंतींवर चिकटवायचा. काम सुरेख होत होतं, आणि तेच बोचत होतं. नवऱ्याला म्हटलं, "हे छान झालं की ती वॅगन जाणार."

"मग जरा वाईट कर की."

"मला वाईट करता येत नाही," मी म्हणाले. तो हसला, पण मी खरं तेच सांगत होते.

तयार झाली तेव्हा मी स्वतःच दृष्ट काढावी अशी दिसत होती. चार चाकं, स्प्रिंगा, ब्रेकचा दांडा, तांबूस रंग, टोकाला झरोके. रविवारी चऱ्होलीला घेऊन गेले. मुलगा बघून थक्कच झाला. "आई, अगं हुबेहूब आहे!"

मावशीनं ती मांडीवर घेतली. सगळीकडून फिरवली. चाकं बोटानं गरागरा फिरवून पाहिली.

"लई देखनी हाय," ती म्हणाली. "पन ही माझी न्हाई."

"माझी न्हाई म्हणजे?" माझा आवाज चढलाच. "मावशी, एकेक रिव्हेट मोजून केलाय मी. हिच्यात चूक काढून दाखवा."

"चूक न्हाई गं. हिला चाकं हायती. माझ्या डब्याला कुटं चाकं व्हती? आन् खिडकी कुटाय?"

"मुळात नव्हतीच खिडकी! रेल्वेनं कुठं केली होती?"

"रेल्वे ऱ्हायली का ह्याच्यात?"

मुलगा मधे पडला. "आई, उगाच खुसपट काढू नको. हो म्हण आणि मोकळी हो." त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. माझ्या वॅगनच्या दोन्ही झडपा तिनं बंद केल्या, बाहेरची कडी नीट बसवली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि वॅगन माझ्यापुढं धरली.

"आता आतनं लाव."

मी झडपांच्या फटीत नख घालून पाहिलं.

"न्हाई लागत ना? मालाच्या डब्याला आतनं कडी नसती. कशाला आसंल? पोती काय कडी लावत्यात? आमी हितं आलो तवा मालक भोसरीला कंपनीत जायचं. रातपाळी. आजूबाजूला मानूस न्हाई, दिवा न्हाई, नुसती शेतं. मी भ्यायचे. मंग ते भायेरनं कडी घालून जायचं आन् सकाळी येऊन उघडायचं. थोरली लेक तवा अंगावर पीत व्हती. रातभर आमी दोगी आत. उकडू दे, पोरगी रडू दे, भायेर याया येत न्हाई." तिनं झडपेवर बोट आपटलं. "एक दिस म्हनलं त्यांना, आवो, मी काय कांदा हाय का, भरून ठिवायला? दुसऱ्या सकाळी ती पट्टी घेऊन आलं. कंपनीत सुट्टीच्या टायमाला बसून घासली व्हती. बसवली आन् म्हनलं, घे, आता तू लाव, तूच उघड."

मुलगा खाली बघत होता. त्यालाही हे माहीत नसावं. मी मॉडेल डब्यात घातलं. मला राग आला होता, आणि तो कुणाचा आला होता हे मला चांगलं कळत होतं. त्या कडीचं माप माझ्याकडे होतं, मिलिमीटरमध्ये. मीच तिच्यापुढे "नंतरचं" लिहिलं होतं!

दुसरी वॅगन मी पहिल्यापासून केली. जुन्या मॉडेलची डागडुजी मी करत नाही. चाकं नाहीत; चार दगडांवर बसवली, आणि दगड त्याच शेतातले. खिडकी जेवढी वाकडी तेवढी वाकडी, एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त. रंग थरांनी दिले, तांबूस, हिरवा, गुलाबी आणि सगळ्यात वर निळा, कोपऱ्याकोपऱ्यात थोडे उडालेले. आणि कडी! फ्यूजच्या तारेची केली, वाकली. पितळेची केली, फिरेना. शेवटी घड्याळातल्या स्प्रिंगची पट्टी घासून केली, तेव्हा ती खिळ्याभोवती फिरून हुकात बसायला लागली. आयुष्यात मी इतकी लहान वस्तू इतकी बरोबर केलेली नाही. नवरा म्हणाला, "बिनचाकाची वॅगन? ग्रुपवर टाकणार का?" टाकणारच होते. बोलू देत ज्याला बोलायचंय ते.

पुढच्या खेपेला मावशी तशीच दारात बसली होती. वॅगन हातात घेतल्यावर तिनं आधी खिडकी पाहिली, मग रंग, मग खालचे दगड. तिनं झडपा लावल्या.

मी पुढे झाले. "कडी लावायची तर छप्पर निघतं बघा, असं उचलायचं आणि..."

"छप्पर काढून कडी लावत्यात व्हय?" ती फिस्सकन हसली.

बांगडीची एक सेफ्टी पिन तिनं सोडवली, उघडली, आणि वाकड्या खिडकीतून आत घातली. एकदा निसटली. दुसऱ्यांदा पट्टी हलली, फिरली आणि हुकात बसली. तिनं बाहेरून दार ओढून पाहिलं. दार उघडलं नाही.

"लागली," ती म्हणाली.

मग पुन्हा पिन आत घालून तिनं कडी वर केली. दार सुटलं. "आन् उघडली." असं तिनं दोनतीनदा केलं. लावली, उघडली. मग ती दारातून खाली उतरली, पदर खोचला आणि मुलाला म्हणाली, "बोलव तुज्या त्या गॅसवाल्याला."

मुलानं लगेच मोबाइल काढला. मी कामात खोटं बोलत नाही, पार्ट पास म्हणजे पास. पण तेव्हा मी बोलून गेले.

"मावशी, इतक्यात नको. रंग अजून ओला आहे. वाळेपर्यंत आठवडाभर तरी थांबा."

मुलाचं बोट थांबलं. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मग हातातल्या छोट्या वॅगनच्या निळ्या भिंतीवर तळवा सावकाश फिरवला, आणि तो तळवा माझ्यापुढं धरला, कोरडा.

"वाळलाय पोरी," ती म्हणाली. "तुजं काम चांगलं झालंय."