प्लाझ्मा की एलसीडी

आमच्या टीव्हीतून सगळ्यात आधी स्कोअर गेला. निदान आमच्या ह्यांचं म्हणणं तसं होतं. मॅच चालू असायची, खेळणारे, पंच सगळे जागच्या जागी असायचे, आणि हे मध्येच ओरडायचे, "किती झाले गो? आजकाल स्कोर दाखवतच नाय हे लोक." मी भाकरी थापता थापता मान वळवून बघायची. खालच्या कोपऱ्यात आकडे ठसठशीत असायचे. "दाखवतात की," मी म्हणायची, "तुमाला सोडून सगळ्यांना दाखवतात." तोवर त्यांनाही ते दिसलेले असायचे. "आता आला," म्हणायचे आणि परत खुर्चीत रेलायचे.

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. दिवसभर अंगणवाडीतली पोरं सांभाळून घरी आलेल्या बाईला कुणी आकडे वाचायला लावले तर ती काही साखर पेरणार नाही. मला वाटायचं, ह्यांचं लक्ष नसतं. आता त्या संध्याकाळी आठवल्या की अंगावर काटा येतो, पण तेव्हा नुसती चिडचिड व्हायची.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्याला लागून. ह्यांची काळी-पिवळी जीप होती. मुरबाड ते टोकावडे आणि पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत ती चालायची. बाजाराला जाणारे, दवाखान्याला जाणारे, कॉलेजची पोरं, सगळे त्यात कोंबलेले. ह्यांच्या गाडीत लोक डोळे मिटून बसायचे. इतक्या वर्षांत गाडीला कधी ओरखडा नव्हता, आणि मला त्याचा फार तोरा होता.

टीव्ही होता तो नव्वदच्या दशकातला, लग्नानंतर घेतलेला जाडजूड डबा. त्याचं वय झालं होतं हे खरंच होतं. शिवाय आमच्याकडे कशालाही एक कारण पुरायचं. व्होल्टेज. दिवेलागणीला बल्बची नुसती तार लाल दिसायची, पंखा मोजून घ्यावा इतका सावकाश फिरायचा. भारनियमन सुरू झाल्यावर तर विचारूच नका. त्यामुळे कोणी म्हणालं की दिसत नाही, तर समोरचा म्हणायचा, व्होल्टेज नाय. माणसाचे डोळे तपासावेत असं कुणाच्या मनातही यायचं नाही, आधी लोक खांबावरच्या वायरकडे बघायचे.

टीव्ही दुरुस्त करणारा मुरबाडहून आला. त्याने मागचं झाकण उघडलं, धूळ फुंकली आणि सांगितलं की पिक्चर ट्यूब म्हातारी झाली की चित्र पसरतं आणि कडेचं बाहेर जातं. स्कोअर कडेलाच असतो, तोच आधी कापला जाणार. हे ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐक आता. मी सांगत होतो ना." मी ऐकलं. कडेचं जातंय हे तो बरोबर सांगत होता. फक्त ते टीव्हीतून जात नव्हतं.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. ज्याला टीव्ही दिसत नाही तो पुढे सरकतो. माझी सासू शेवटी शेवटी काचेला नाक लावून मालिका बघायची. हे उलट मागे जायला लागले. आधी खुर्ची खोलीच्या मध्यात होती, मग भाताच्या कणगीजवळ गेली, मग पार मागच्या भिंतीला टेकली. म्हणायचे, लांबून अख्खं दिसतं. मी म्हटलं, "अजून थोडं मागं गेलात तर शेजारच्यांच्या घरात बसाल." आमची पोरगी हसली, तेही हसले.

त्याच सुमारास बाजारात चष्म्याचं शिबिर भरलं होतं. मीच त्यांना बळेबळे घेऊन गेले. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ त्यांनी एका दमात वाचून दाखवली. तपासणारा मुलगा म्हणाला, काकांची नजर विशीतल्या पोराची आहे. त्या दिवशी हे मिशीला पीळ देत घरी आले. मग माझंही तोंड बंद झालं.

पण जीपचं काहीतरी बिघडत चाललं होतं. डाव्या बाजूचा आरसा फुटला, नवा बसवला, तोही फुटला. सरळगावच्या पुढे मोरीच्या कठड्याला पत्रा घासला. हेडलाइटचे बल्ब त्यांनी दोनदा बदलले आणि तरी उजेड पडत नाही म्हणून बल्ब बनवणाऱ्याचा उद्धार केला. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं, आणि ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग एक शेळी चाकाखाली आली. भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता ओट्यावर बसून राहिले. "डावीकडनं आली," एवढंच म्हणत होते. "कुठनं आली तेच कळला नाय. नव्हतीच गो ती तिथं. नव्हतीच." शेळीवाल्याशी समेट झाला, विषय मिटला. मला मात्र कितीतरी दिवस पहाटे जाग यायची. शेळीच्या जागी दुसरं काहीतरी दिसायचं आणि मी उठून चूल पेटवायची.

अशा दिवसांत त्यांनी नवा टीव्ही घ्यायचं काढलं. पातळ, भिंतीला लावायचा, रुंद. रुंद असला की कडा कापल्या जाणार नाहीत, हा हिशेब. मीही हो म्हटलं. घरात काहीतरी नवं आलं की हे सावट जाईल, असं मला उगाच वाटत होतं.

आता प्रश्न आला, प्लाझ्मा की एलसीडी. आमच्या आळीत ह्यावरून जेवढी चर्चा झाली तेवढी पंचायतीच्या निवडणुकीत झाली नसेल. माझा दीर वाशिंदच्या कारखान्यात होता. तो रविवारी आला की सगळे त्याच्याभोवती बसायचे. त्याचं मत एलसीडी. "दादा, प्लाझ्मा वीज खातो. तापतो किती! आपल्याकडं व्होल्टेजचं हे असं. आणि एकच चित्र बराच वेळ राहिलं तर काचेवर त्याचा डाग बसतो, मग तो जात नाय." हे ऐकून शेजारची म्हातारी घाबरली. बातम्या सांगणाऱ्या बाईचा चेहरा घरात कायमचा राहिला तर काय करायचं, असं तिने विचारलं.

ह्यांना मात्र प्लाझ्माच हवा होता. कोणीतरी सांगितलं होतं की एलसीडीत काळा रंग राखाडी दिसतो, आणि बाजूला बसलं की चित्र फिकं पडतं. आमच्याकडे मॅच बघायला दारापर्यंत माणसं बसायची. दारातल्या माणसाला फिकं दाखवून कसं चालेल? प्लाझ्मात कुठूनही बघा, तेच दिसतं. "बाजूनं दिसला पायजे," हे त्यांचं पालुपद झालं. दिवसातून किती वेळा म्हणायचे. मी एलसीडीच्या बाजूने होते, विजेच्या बिलामुळे. भांडून भांडून शेवटी ठरलं की शहापूरला नवं दुकान निघालंय, तिथे दोन्ही शेजारी शेजारी लावलेत, जाऊन डोळ्यांनी बघायचं.

पोरीला घेऊन आम्ही जीपनेच गेलो, किन्हवलीच्या रस्त्याने. दिराची कारखान्यात पाळी होती म्हणून तो आला नाही. दुकान अरुंद होतं. बाहेर जनरेटर धडधडत होता, आत भिंतभर टीव्ही. दुकानदाराने एकाच वायरवरून दोन्हींवर एकच मॅच लावली. डावीकडे प्लाझ्मा, उजवीकडे एलसीडी, दोन्ही हात पसरावेत एवढे रुंद. मागे सरकायला जागा नव्हती, पाठीमागे फ्रिज उभे होते. घरी खुर्ची भिंतीपाशी गेली होती, इथे ह्यांना पडद्याच्या पुढ्यातच उभं राहावं लागलं.

"काळा बघा काका, काळा," दुकानदार म्हणाला. ह्यांनी प्लाझ्माकडे बघितलं, मग एलसीडीकडे. मान खूप फिरवत होते, खुंटावरून खुंटावर उड्या मारणाऱ्या पाखरासारखी. "हा काळा खरा," प्लाझ्माकडे हात करून म्हणाले. मग कपाळाला आठी घालून, "पण स्कोर दोघांतपन नाय."

दुकानदार हसला. त्याला वाटलं गिऱ्हाईक भाव पाडतंय.

"बाबा, आहे की," पोरगी म्हणाली, "दोन्हीकडं आहे. इथं बघा." ती पुढे गेली आणि प्लाझ्माच्या डाव्या कोपऱ्याशी उभी राहून काचेवर बोट ठेवलं. आम्हा दोघांपासून ती चार हातांवरही नव्हती. तिने लाल फ्रॉक घातला होता.

हे पडद्याच्या मध्यात बघत राहिले. मग म्हणाले, "कुठं? आणि तू कुठं गेलीस गो?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. आरसा, कठडा, शेळी, मागे मागे गेलेली खुर्ची, सगळं एका क्षणात माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. पुढे कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला काचबिंदू म्हटलं. समोरचं शाबूत राहतं म्हणून तक्ता वाचता येतो, आणि बाजूचं चोरपावलांनी जातं, ते माणसाला कळतसुद्धा नाही, असं सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषध घालून राखायचं. पण मला तो आजार त्या दुकानात, डॉक्टरांच्या आधी कळला. नाव तेवढं माहीत नव्हतं.

ह्यांनी मान वळवली, पोरगी सापडली. तिच्या बोटाखालचा आकडाही सापडला. चेहरा उतरला होता. "दुकानात उजेड लय हाय," म्हणाले आणि बाहेर पडले. टीव्ही आम्ही घेतला नाही.

जीपपाशी आलो तर ती भरलेली. आमच्याकडच्या जीपवाल्यांचा एक नेम आहे. घराकडे जाणारी गाडी रिकामी न्यायची नाही. एसटी चुकलेली माणसं त्यावरच अवलंबून असतात. ड्रायव्हर कुठेही असो, गाडी ओळखीची दिसली की लोक आपले आत जाऊन बसतात. पिशव्या, कोंबड्या, पोरंबाळं. कोणीतरी आतून हाक मारली, "चला ओ, किती उशीर!" ऊन कलायला लागलं होतं.

हे सवयीने चाकामागे बसले आणि गाडी सुरू केली.

"गाडी नाय जायची," मी म्हटलं. "उतरा सगळे."

"का ओ वयनी? मग आमी जायाचा कसा?"

"तू गप मागं बस," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी मागे बसले नाही. पोरीचा हात धरला आणि जीपच्या पुढे जाऊन उभी राहिले. समोरचं त्यांना दिसत होतं, एवढं मला कळलं होतं. त्यांनी हॉर्न वाजवला. मी हलले नाही. पुन्हा वाजवला, लांब. बाजारातली माणसं थांबली, आतले ओरडायला लागले, एक जण म्हणाला बाई खुळी झालीय. चारचौघांत नवऱ्याच्या गाडीपुढे उभी राहिले होते, लाज वाटत होती, आणि रडू येत होतं. तरी मी काचेतून त्यांच्याकडेच बघत राहिले.

इंजिन बंद झालं. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी खिडकीपाशी गेले. स्टेअरिंगवर दोन्ही हात तसेच होते, नजर समोर. अगदी हळू विचारलं, "माझ्या डावीकडं कोन बसलंय?"

"एक म्हातारबा हायेत. त्यांच्या पलीकडं बाई हाय, दारापाशी."

"बाई?"

"तिच्या मांडीवर पोर हाय. तान्हं."

त्यांनी मान वळवून खात्री करून घेतली नाही. मग चावी काढली, खाली उतरले आणि स्टँडवरच्या एका ओळखीच्या जीपवाल्याला हाक मारली. "ह्यांना टोकावड्याला सोड रे. माझ्याच गाडीतनं ने." तो म्हणाला, "तुला काय झालं?" ह्यांनी नुसती चावी त्याच्या हातात दिली.

पोरीला मांडीवर घेऊन मी मागे बसले. हे माझ्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत आपल्या गाडीत ते कधी मागे बसले नव्हते. डोकं कुठे वाकवायचं हेही त्यांना माहीत नव्हतं, टपाच्या दांड्याला कपाळ आपटलं. किन्हवलीच्या पुढे अंधारून आलं, वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खाली जोरात दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.